इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: मागं पडलात तर लपवू नका

माझा एम-वन, म्हणजे पहिल्या सेमचा मॅथ्स, राहिला तेव्हा मी घरी सांगितलं होतं, "रिझल्ट राखून ठेवलाय." हे खोटं दीड महिना टिकलं. मग आमच्याच गल्लीतल्या, एक वर्ष पुढं असलेल्या पोरानं पारावर सहज विचारलं, "मॅथ्सचा फॉर्म भरलास का रं?" शेजारीच वडील बसले होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बागेत द्राक्षाचा माल काढायचा होता आणि माणसं कमी होती, तरी त्यांनी मला उठवलं नाही. त्या न उठवण्याची लाज मला शिव्यांपेक्षा जास्त वाटली.

आता मी सांगली जिल्ह्यात पहिल्या वर्षाला मॅथ्स शिकवतो आणि दरवर्षी वीसेक पोरांचा पालक-शिक्षक, म्हणजे कॉलेजच्या भाषेत जीएफएम असतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. पोरं हुशारी कमी पडली म्हणून गळत नाहीत. ती आधी थोडी मागं पडतात, मग ते लपवतात, आणि लपवण्यात जे दोन महिने जातात त्यात एका विषयाचे चार होतात. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या दोन महिन्यांबद्दल आहे. कॉलेज सांगलीचं वालचंद असो, कराडचं गव्हर्नमेंट असो, साताऱ्याचं केबीपी असो की इस्लामपूर-आष्ट्याकडचं एखादं. नियमांचे आकडे बदलतील, गोष्ट तीच राहील.

पहिल्या तासाच्या आधी: कागद आणि पैसा

हे आधी सांगतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऐन अभ्यासाच्या वेळी पोरं तहसील कचेरीत रांगेत उभी असतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमी लेअर, कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, फीची पावती, दहावी-बारावीची मार्कशीट, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स काढून एका फाईलीत घाला आणि फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवा.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, काय काय मिळू शकतं ते आधी बघा. खुल्या वर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, ती समाजकल्याण खात्याकडून मिळते. २०२४-२५ पासून कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मेस आणि खोलीचा खर्च त्यात येत नाही, हे घरी नीट समजावून सांगा. "पोरीचं सगळं फुकट झालं" असं गावभर सांगून झाल्यावर मेसचं बिल येतं. शिवाय एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे, वर्षाला ५०,००० रुपये. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, महाडीबीटीवर नाही.

एक बारकी भानगड. खात्याला आधार नंबर दिलाय म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. सरकारी पैसे आधारशी मॅप झालेल्या एकाच बँकेत जातात. मोबाईलवर कुठल्या तरी पेमेंट बँकेचं खातं सिमकार्ड घेताना उघडलेलं असतं, मॅपिंग तिकडं सरकतं, आणि पोरगा जिल्हा बँकेच्या पासबुकात एंट्री मारत बसतो. बँकेत जाऊन "आधार सीडिंग कुठल्या बँकेला आहे" एवढं विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिले दोन आठवडे: इंडक्शनला दांडी मारू नका

एआयसीटीईनं पहिल्या वर्षासाठी इंडक्शन प्रोग्राम ठेवलाय. बऱ्याच जणांना ती भाषणबाजी वाटते, आणि काही दिवस ती असतेही. पण त्या दिवसांत लायब्ररीचं कार्ड होतं, बॅच ठरते, कुठल्या केबिनमध्ये कोण बसतं ते कळतं आणि शेजारी बसलेल्याचं नाव कळतं. सातव्या आठवड्यात अडकल्यावर जाऊन विचारायला माणूस आपल्याकडं असावा, एवढ्यासाठीच हे दिवस आहेत.

तिसऱ्या राऊंडला किंवा त्यानंतर प्रवेश झाला असेल तर मात्र पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना गाठा आणि विचारा, "सर, माझे किती तास बुडालेत आणि कुठले टॉपिक झालेत?" उशिरा आलेली पोरं मागच्या बाकावर बसतात आणि "होईल कव्हर" म्हणत राहतात. तसं ते होत नाही. कुणाची तरी वही घेऊन त्या दोन आठवड्यांचं पहिल्या शनिवार-रविवारी बसून उतरवून काढा.

याच दिवसांत सिलॅबसची प्रिंट काढून त्यातले क्रेडिट, म्हणजे कुठल्या विषयाला किती वजन, ते बघा. समजा सेमिस्टरला २० क्रेडिट आहेत, त्यातले ४ एम-वनचे आणि १ वर्कशॉपचा. बाकी सगळ्याला ८ ग्रेड पॉइंट मिळाले आणि एम-वन राहिला, तर १६ गुणिले ८ म्हणजे १२८, भागिले २०, एसजीपीए (सेमिस्टरची सरासरी) ६.४. तोच एम-वन काठावर ५ पॉइंटनं निघाला असता तर ७.४ झाला असता. आणि वर्कशॉपला ८ ऐवजी १० मिळवण्यासाठी जॉबला पॉलिशपेपर मारत तीन संध्याकाळी घालवल्या तर वाढ होते ०.१. हे गणित कुणी सांगत नाही, म्हणून पोरं जर्नलच्या कव्हरला ब्राऊन पेपर घालत बसतात आणि मॅथ्स नंतर करू म्हणतात.

मॅथ्स: इथंच बहुतेकांचं घोडं अडतं

सीईटीला मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं पोरं याच साच्यात घोटलेली असतात: पर्याय घालून बघायचा, शॉर्टकट मारायचा, नाहीच आलं तर अंदाजानं एका पर्यायावर क्लिक करायचं. एम-वनला कोरा कागद समोर येतो आणि आठ पायऱ्या स्वतः लिहायच्या असतात. चांगला पर्सेंटाईल असलेला पोरगा इथं गडबडतो आणि त्याला वाटतं आपली बुद्धीच संपली. त्यात काहींची बारावी "इंटिग्रेटेड" असते, म्हणजे कॉलेज कागदावर आणि क्लास खरा. त्यांनी सलग लिहून गणित सोडवलेलं असतं ते थेट दहावीत.

पहिल्या पंधरा दिवसांत बारावीचं एवढंच परत करा: त्रिकोणमितीची सूत्रं, डेरिव्हेटिव्हचा चेन रूल, पार्शल फ्रॅक्शन, साधी इंटिग्रेशनं, डिटर्मिनंट, कॉम्प्लेक्स नंबर. रोज अर्धा तास पुरे. एम-वनमध्ये चुकतं ते बहुतेक वेळा एम-वनचं नसतंच. पार्शल डिफरन्सिएशनची रीत बरोबर असते, पण साईनचा डेरिव्हेटिव्ह घेताना चिन्ह चुकतं.

आता भाषेचं. माण तालुक्यातून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. वही अशी की प्रदर्शनात ठेवावी: दोन रंगांची शाई, पट्टीनं मारलेल्या रेघा, फळ्यावरचं अक्षर न अक्षर उतरवलेलं. पाचव्या आठवड्यात तिला केबिनमध्ये बोलावलं, कोरा कागद दिला आणि एक सोपं समीकरणांचं गणित घातलं. तिनं मॅट्रिक्सचे कंस पट्टीनं काढले, आकडे भरले आणि थांबली. बराच वेळ पेन कागदावर टेकवून बसली. मी म्हटलं, "अगं, दहावीला निश्चयक केला होतास ना? क्रेमरची पद्धत?" तिनं मान वर केली. "सर, हे तेच आहे?" पुढचं गणित तिनं माझ्याकडं न बघता सोडवलं. म्हणजे तिला गणित येत होतं, फक्त डिटर्मिनंट हा शब्द आणि निश्चयक हा शब्द एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. अकरावी-बारावी तिनं पाठांतरावर काढली होती.

तेव्हापासून मराठी आणि सेमी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाला मी एक वीस पानी वही करायला लावतो. मधोमध रेघ मारायची. डावीकडं वर्गात आलेला शब्द देवनागरीत, उच्चार जसा ऐकू आला तसा. उजवीकडं आपल्याला शाळेपासून माहीत असलेला. मोमेंटम म्हणजे संवेग. ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण. इनर्शिया म्हणजे जडत्व. पोटेन्शियल डिफरन्स म्हणजे विभवांतर. दीडशे-दोनशे शब्दांत पहिलं वर्ष बसतं. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत फुकट आहेत. परीक्षा इंग्रजीतच द्यायची आहे, पण संकल्पना आधी मराठीतून वाचली तर काही बिघडत नाही. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसणं आणि विषय येत नाही म्हणून गप्प बसणं बाहेरून अगदी सारखं दिसतं, शिक्षकालाही फरक ओळखता येत नाही. तेव्हा प्रश्न मराठीत विचारा. आम्हीही स्टाफरूममध्ये मराठीतच भांडतो.

आणि वही वाचून अभ्यास करू नका. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी प्रयोग केला होता: काही मुलांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. परत वाचलं की "येतंय" असा भास होतो, बस्स. त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून वर्गातलं एक गणित कोऱ्या कागदावर सोडवा. अडलं तर वही उघडा, बघा, परत मिटा.

चार जणांचा गट, पण बसायची रीत वेगळी

सत्तरच्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाच्या गणितज्ञाला प्रश्न पडला होता की शाळेत चांगली असलेली कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये नापास का होतात. आळस, घरची गरिबी, आधीची तयारी, ही नेहमीची कारणं त्याला पटेनात. मग तो मुलांच्या मागं त्यांच्या खोल्यांपर्यंत गेला. कृष्णवर्णीय मुलं नेमानं, कष्टानं, पण एकेकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं आधी एकटी गणितं सोडवायची आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. एखादं कुणालाच आलं नाही तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्यानं बसलेल्याला वाटायचं, मीच ढ. ट्राइसमननं मग "कच्च्या मुलांचा वर्ग" काढला नाही. त्यानं गट केले आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल सुधारले.

आपल्याला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग सुरू केलं, ज्याचं १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं, तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राबत, एकत्र जेवत, एकत्र शिकत. आपल्या होस्टेलात त्यातलं फक्त एकत्र जेवणं उरलंय.

तर गटाची रीत अशी. चार जण, पाच नकोत. एक तरी मुलगा किंवा मुलगी आपल्यापेक्षा बरी असावी आणि एक तरी आपल्यापेक्षा कच्ची. समजावून सांगताना आपलं जास्त पक्कं होतं. आठवड्यातून दोनदा, दीड तास, रिकाम्या वर्गात. खोलीवर नको, खोलीवर चहा होतो. प्रत्येकानं आधी तीन गणितं एकट्यानं सोडवून आणायची, न आणणाऱ्यानं त्या दिवशी बसायचं नाही. मग एकानं फळ्यावर करायचं, बाकीच्यांनी "ही पायरी कुठून आली?" एवढंच विचारत राहायचं.

बाकीचे विषय, थोडक्यात

इंजिनिअरिंग ड्रॉइंगला होस्टेलवर एक जुना उद्योग चालतो: जीटी मारणे. काचेखाली बल्ब, वर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली शीट. शीट देखणी होते, सबमिशन होतं आणि परीक्षेत पांढरा कागद पांढराच राहतो. एक बटाटा घ्या, पुस्तकातल्या आकृतीसारखा कापा, समोर ठेवा आणि समोरून, वरून, बाजूनं काय दिसतं ते हातानं काढा. आपल्याकडं फर्स्ट अँगल चालतं, म्हणजे वरून दिसणारा भाग समोरच्या आकृतीच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारा उजवीकडं. पाठ करायला गेलात तर दरवेळी घोळ होईल, बटाटा फिरवून बघितला की डोक्यात बसतं. दोन किलोत सेमिस्टर निघतं.

मेकॅनिक्समध्ये सगळा जीव फ्री बॉडी डायग्रॅममध्ये आहे. ऊस भरलेली ट्रॉली चढावर उभी आहे असं समजा. तिला ट्रॅक्टरपासून आणि रस्त्यापासून मनातल्या मनात तोडा. जिथं जिथं तोडलंत तिथं तिथं एक बल लिहा: हुकपाशी ओढ, प्रत्येक चाकापाशी रस्त्याची लंब प्रतिक्रिया, आणि वजन सरळ खाली, पृथ्वीकडं. निम्मी मुलं वजन रस्त्याला काटकोनात काढतात. तिथं चुकलं की पुढची दोन पानं कितीही सुंदर लिहिली तरी चूकच.

सी प्रोग्रामिंग मोबाईलवर व्हिडिओ बघून येत नाही. कागदावर रकाने आखा, एकेका व्हेरिएबलला एक रकाना, आणि लूप हातानं फिरवा. दहा प्रोग्रॅम असे फिरवले की लॅबमध्ये एररला घाबरायला होत नाही.

केमिस्ट्री, फिजिक्स, कम्युनिकेशन: तास केले, लॅब वेळेत लिहिली तर निघतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

हजेरी, एसटी आणि छाटणी

बहुतेक कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते. हिशोब करा: मॅथ्सचे आठवड्याला ४ तास, १४ आठवडे, एकूण ५६. म्हणजे १४ तास बुडाले तरी चालतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण दर शनिवारी गावी जाऊन मंगळवारी परतणाऱ्याचा सोमवारचा एक तास बुडाला तरी १४ आठवड्यांत १४ तास संपतात. मग एक ताप आला, एक लग्न आलं, की डिटेन्शनच्या, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या, यादीत नाव.

आमच्या तासगाव-पलूस पट्ट्यात ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची फळछाटणी. छाटणी, पेस्ट, मग विरळणी, डिपिंग, आणि मध्ये ढगाळ हवा आली की डाऊनी रोगाच्या धास्तीनं रात्रीचे फवारे. पाटणकडं त्याच दिवसांत भात काढणी. घरी माणूस कमी असतं आणि पोराला फोन येतो. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, त्या बागेच्या पैशावरच फी भरलेली असते. पण ऑगस्टमध्येच घरच्यांबरोबर बसा, परीक्षांच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, घरातल्या भिंतीवर टांगा, आणि "हे दोन शनिवार-रविवार मी येतो, हे तीन येत नाही" असं आधी ठरवा. आयत्या वेळी फोनवर "नाही" म्हणणं कुठल्याच पोराला जमत नाही.

रोज एसटीनं येणाऱ्यांचे तीन-चार तास रस्त्यात जातात. उभ्यानं गणित होत नाही हे मान्य. पण शब्दांची वही आणि सूत्रांचे कागद तेवढ्यासाठीच आहेत. आणि शक्य असेल तर शेवटचा तास संपल्यावर लगेच स्टँड गाठू नका, एक तास लायब्ररीत काढून पुढची गाडी पकडा. घरी पोचल्यावर दप्तर उघडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

सहावा आठवडा: स्वतःला तपासायची वेळ

पहिल्या युनिट टेस्टच्या आधी एका रविवारी प्रत्येक विषयाचा मागच्या वर्षीचा एक पेपर घ्या, घड्याळ लावा, वही लांब ठेवा. निम्मं आलं तर ठीक चाललंय. पाव आलं तर त्या विषयाच्या शिक्षकांकडं त्याच आठवड्यात जा. काहीच आलं नाही तर सोमवारीच जा.

जायचं म्हणजे काय बोलायचं, इथं पोरं अडतात. "सर, मला काहीच कळत नाही" असं म्हटलं की शिक्षकालाही कुठून सुरू करावं कळत नाही. अर्धवट सोडवलेलं गणित हातात घेऊन जा आणि म्हणा, "सर, इथपर्यंत आलं, ही पुढची पायरी कशी आली ते कळलं नाही." पाच मिनिटं लागतात आणि कुठलाही शिक्षक ती देतो. एखादा वसकन अंगावर आला, तसेही असतात, तर दुसऱ्या डिव्हिजनच्या शिक्षकांना विचारा किंवा जीएफएमला सांगा. आपला विषय कुणाच्या स्वभावापायी सोडायचा नाही.

विषय राहिलाच तर

पहिल्यांदा घरी सांगा, त्याच दिवशी. फोनवर सरळ एवढंच: "मॅथ्स राहिलाय, बाकीचे निघालेत. परत परीक्षा अमुक महिन्यात आहे. त्यासाठी मी असं असं करणार आहे." बातमीबरोबर पुढचा बेत असला की घरचे कमी घाबरतात.

मग कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन तीन तारखा लिहून घ्या: उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची शेवटची तारीख, पुनर्मूल्यांकनाची, आणि पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची. या मुदती फार थोड्या दिवसांच्या असतात आणि रडण्यात निघून जातात. झेरॉक्स मागवाच, मार्क वाढोत न वाढोत. आपण कुठं पायरी गाळली हे आपल्याच अक्षरात बघितल्यासारखा धडा नाही.

पहिल्या सेमची केटी, म्हणजे राहिलेला विषय, दुसऱ्या सेमच्या अभ्यासावर बसते, त्यामुळं आठवड्याचे ठराविक चार तास तिच्या नावानं बांधून ठेवा. शेवटच्या पंधरा दिवसांवर टाकलं की तीही राहते आणि एम-टूही जातो. किती क्रेडिट राहिले तर वायडी (इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया) लागते, हे आपल्या कॉलेजच्या नियमपुस्तिकेत स्वतः वाचा. सिनियरनं सांगितलेला आकडा बहुधा जुन्या पॅटर्नचा असतो.

वायडी लागलीच तर गावी जाऊन वर्षभर बसू नका. विभागप्रमुखांना भेटून राहिलेल्या विषयांच्या तासांना बसायची परवानगी मागा. खोली सुटली तरी गट सोडू नका. मिळालेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा आहेत का, तेही बघून घ्या.

ब्रँच नकोशी वाटते, किंवा जीवच लागत नाही

पहिल्या वर्षात खरं इंजिनिअरिंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळं "हे मला नकोच होतं" असं ऑक्टोबरमध्ये वाटतं. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की ओळखीनं एखाद्या साखर कारखान्यात अर्धा दिवस जाऊन या. मिलमधून निघालेलं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरमध्ये जळतं, त्या वाफेवर टर्बाईन फिरतं, कारखाना चालून वीज उरते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन एका छताखाली. ते बघूनही मन रमलं नाही तर काही कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आणि रिकाम्या जागांवर ब्रँच बदलता येते, त्याची चौकशी करा. आणि खरोखरच दुसरीकडं जायचं असेल तर जा, त्यात कमीपणा नाही. पण नापास होत होत बाहेर ढकललं जाण्यापेक्षा पास होऊन, घरी बोलून, ठरवून जा.

रॅगिंगचा त्रास असेल तर सहन करू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि देशपातळीवरची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ ही आहे. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तिथं रँक, मार्क, कॉलेज सांगावं लागत नाही.

घरच्यांसाठी

फोनवर "अभ्यास चाललाय ना?" विचारलं की "हो" येतं. मी पण "हो"च म्हणायचो. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात मॅथ्सला काय झालं? कुठं अडलं?" तुम्हाला विषय कळायची गरज नाही, पोरगं सांगताना अडखळतंय का, एवढं ऐकू येतं. शेजाऱ्याच्या पोराचा एसजीपीए मध्ये आणू नका. वर्षातून दोनदा तरी कॉलेजला येऊन जीएफएमना भेटा. पोराला घेऊनच, त्याच्या पाठीमागं नाही.

जे माझ्यासारखे शिकवतात त्यांच्यासाठी

यादीत सगळ्यात खालचे कोण हे युनिट टेस्टनंतर कळतं, तोवर उशीर झालेला असतो. मी पाचव्या आठवड्यात तासाच्या शेवटी दहा मिनिटं ठेवतो. प्रत्येकाला कोरा कागद, फळ्यावर एक गणित, मार्क नाहीत. खाली दोन ओळी लिहायच्या: कुठं अडलं, आणि घरून कॉलेजला यायला किती वेळ लागतो. दुसरा प्रश्न उगाच वाटतो, पण "अडीच तास, आटपाडीहून" असं वाचलं की पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्याकडं बघायची नजर बदलते.

संध्याकाळी मी ते कागद घेऊन बसतो. चुकलेली गणितं बाजूला ठेवतो, ती पोरं लागतील मार्गी. दरवर्षी साठातले पाच-सहा कागद नाव सोडून पूर्ण कोरे येतात. दुसऱ्या दिवशी केबिनला पहिल्यांदा त्यांना बोलावतो, एकेकाला, आणि चहा सांगतो.